नकाशावर जिथे कोणी राहत नव्हतं

माझ्या आत्याला सगळे कात्रीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शाळेच्या रस्त्यावर तळमजल्याच्या एका खोलीत तिचं शिवणाचं दुकान होतं. पुढे मशीन, मागे इस्त्रीचं टेबल, भिंतीलगत अर्धवट शिवलेल्या कपड्यांची दांडी. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "जरा घट्टच शिवा, वजन कमी करणार आहे," की ती टेप गळ्यात अडकवून म्हणायची, "करा की. तोवर मी आहे त्या मापाचं शिवते, मग आत घेऊन देईन." आत घ्यायला सहसा कोणी परत आलं नाही.

तिचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. आजी-आजोबा वारले तेव्हा माझे बाबा अजून शाळेत होते, म्हणून त्यांना तिनेच वाढवलं. त्यांचं अभ्यासात लक्ष नव्हतं. "पुस्तक उघडलं की याला झोप येते आणि कुंडी उकरली की जाग येते," असं ती सांगायची. दुसऱ्या कोणी बहिणीने अशा भावाच्या पाठीत धपाटा घातला असता. हिने त्याला शहराच्या टोकाला, कालव्यापलीकडे, एक जमिनीचा तुकडा बघून दिला आणि म्हणाली, "घे, उकर आता जन्मभर."

तिथे बाबांनी रोपवाटिका उभी केली. गुलाबाची कलमं, लिंबू, शेवंती, भाजीची रोपं. आमचं घर रोपवाटिकेच्या एका कोपऱ्यात होतं. पुढे एक कच्ची गल्ली आणि त्यात आमच्यासारखीच मोजकी घरं, जागा स्वस्त मिळाली म्हणून बांधलेली. गल्लीपलीकडे पाणथळ होतं. उंच गवत, लव्हाळा, मधे मधे गुडघाभर पाणी. बगळे यायचे, पाणकोंबड्या असायच्या, आणि कोणी जवळून गेलं की टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत कोकलायच्या. पावसाचं सगळं पाणी त्या पाणथळात जिरायचं. आम्ही त्याचा कधी विचारही केला नव्हता.

त्या काळात शहरात विजेचे हाल होते. वीज जायची नाही, पण मरगळायची. संध्याकाळ झाली की दिवे पिवळे पडत, पंख्याची पाती मोजता येत. आत्याचं मशीन घुं घुं करून थांबायचं आणि इस्त्री कोमट राहायची. शेवटी तिनेच रस्त्यावरच्या बायका गोळा केल्या आणि वीज कंपनीच्या कचेरीत जाऊन बसली. साहेबांच्या टेबलावर तिने एक चुरगळलेला सदरा टाकला. "तुमच्या विजेवर हा इस्त्री करून दाखवा, मी उठून जाते." त्या दिवशी साहेबांनी सांगितलं की शहर वाढलंय, जुन्या यंत्रणेला भार झेपत नाही, नवं उपकेंद्र उभारायलाच हवं. ते मंजूर झालं तेव्हा आत्याच्या रस्त्यावर सगळ्यांना आनंद झाला. मग एके सकाळी शाळेमागच्या मैदानात खुंट्या ठोकलेल्या दिसल्या आणि तो आनंद ओसरला.

त्या मैदानात पोरं खेळायची. संध्याकाळी म्हातारी माणसं फिरायची. तिथे आता तारांचं जंगल होणार, दिवसरात्र घुमणारे ट्रान्सफॉर्मर बसणार, वरून जाड तारा जाणार. शाळेच्या खिडक्यांपासून कुंपण हाकेच्या अंतरावर. कोपऱ्यावरचा औषधवाला तावातावाने म्हणाला, "याला आपण विरोध केलाच पाहिजे," आणि सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. तिची समिती झाली. ती अध्यक्ष, औषधवाला चिटणीस.

तिने ती लढाई कशी लढवली ते अजूनही लोक सांगतात. दुकान दुपारनंतर बंद करून ती दारोदार फिरली. वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं. मैदानात पोरांना रांगेत उभं करून फोटो काढवले. कंपनीला शेवटी शाळेच्याच सभागृहात सुनावणी ठेवावी लागली.

मी त्या सुनावणीला नव्हते. पण पुढच्याच रविवारी आत्या आमच्याकडे आली आणि तिने सगळी सुनावणी जेवताना करून दाखवली. कंपनीचा अभियंता टक्कल पडलेला, गरीब आवाजाचा माणूस होता. फळ्यावर शहराचा मोठा नकाशा टांगून तो बोलत होता. आत्या त्याच्यासारखा घसा खाकरून बोलू लागली.

"बाई, वीज तुम्हाला हवी आहे ना?"

"हवी आहे."

"मग उपकेंद्र कुठेतरी हवंच."

"कुठेतरी ठेवा. शाळेमागे नको."

"मग तुम्हीच सांगा. कुठे ठेवू?"

"मी उठले," आत्या म्हणाली. हातातला घास तिने ताटात ठेवला. "नकाशाजवळ गेले. कडेला एवढी मोठी मोकळी जागा. हिरव्या रेघा मारलेली. ना घर, ना दार. बोट ठेवलं आणि म्हटलं, इथे ठेवा. इथे कोण राहतं?"

सभागृहात टाळ्या पडल्या होत्या. अभियंत्याने चष्मा पुसला, शेजारच्या माणसाशी काही बोलला आणि म्हणाला, "बघतो." दोन आठवड्यांनी शाळेमागच्या खुंट्या उपटल्या गेल्या.

बाबा पोट धरून हसत होते. "शाबास, ताई. त्याला चांगलाच कापलास." आईने तिला पुन्हा वाढलं. घरात कोणी विचारलं नाही की ती मोकळी जागा नेमकी कुठली.

पुढे एके दिवशी पाणथळाच्या काठावर तीन पायांच्या स्टँडवर दुर्बिणीसारखं यंत्र लावून काही माणसं आली. ऊन होतं. बाबांनी त्यांना पाणी नेऊन दिलं आणि काय मोजताय म्हणून विचारलं.

"सबस्टेशन होतंय ना," एकजण तांब्या परत देत म्हणाला. "आधी शाळेकडे होणार होतं. तिकडच्या लोकांनीच ही जागा सुचवली."

बाबा तसेच मातीच्या हातांनी सायकलवर बसले आणि दुकानात गेले. मी त्या वेळी दुकानात काजं करत बसले होते, त्यामुळे पुढचं मी स्वतः पाहिलं. आत्या बाही लावत होती.

"ताई, नकाशावर तू बोट कुठे ठेवलंस?"

तिला आधी कळलं नाही. मग मशीनच्या चाकावरचा तिचा हात थांबला.

"कालव्याच्या पलीकडे..." ती म्हणाली.

"तिथे मी राहतो."

"पण नकाशावर घर नव्हतं रे. एकही नव्हतं. गल्लीसुद्धा नव्हती."

"तुला खरंच कळलं नाही?"

मी तिच्याकडे बघत होते. वाटलं, आता ही कंपनीला शिव्या देईल, नकाशा काढणाऱ्याला देईल. पण ती म्हणाली, "बोटाखाली काय आहे ते मी पाहिलंच नाही. शाळा नाही, एवढंच पाहिलं."

बाबांच्या हाताची माती इस्त्रीच्या टेबलावर सांडली. ते रागावले नव्हते तेव्हा. उलट म्हणाले, "चुकून झालं. आता दुरुस्त कर."

"करते," ती म्हणाली. "माझ्यावर सोड."

त्याच संध्याकाळी तिने समिती बोलावली. औषधवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत खोक्यांवर बसून सगळ्यांनी तिचं ऐकून घेतलं. मग औषधवाला फार गोड आवाजात म्हणाला, "वाईट वाटतं हो, ताई. पण आपण आता पुन्हा तोंड उघडलं, तर ते परत शाळेमागे येणार. पोरांचा विचार करा."

"तिकडेही पोरं आहेत."

"किती?" औषधवाल्याने विचारलं.

एक बाई म्हणाली की तिथली घरं तरी कुठे रीतसर आहेत. दुसरी म्हणाली, त्यांना कंपनी काहीतरी देईलच. आत्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. हे सगळे तिच्याच मागे रांगेत उभे राहिलेले लोक. गरज सरो, वैद्य मरो. पुढच्या आठवड्यात समितीची बैठक झाली ती तिला न बोलावता, आणि अध्यक्ष औषधवाला झाला.

मग ती एकटी वीज कंपनीच्या कचेरीत गेली. अभियंत्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता, हे तीही कबूल करायची.

"खरं सांगू का, बाई? ही जागा आमच्या मनात पहिल्यापासून दुसऱ्या क्रमांकावर होती. तारा ओढायला सोपी. फक्त पाणथळ बुजवायचं म्हटलं की पर्यावरणवाल्यांचे प्रश्न, लोकांच्या हरकती. मग तुम्हीच भर सभेत सुचवलंत. नागरिकांची सूचना म्हणून नोंद झाली, आणि सगळं सरळ झालं."

"ती सूचना मी मागे घेते."

"मंजुरी आली."

"तिथे घरं आहेत. तुमचा नकाशा जुना आहे."

"आहे जुना," त्याने मान्य केलं. "नवा काढला तर तुमच्या भावाचं घर दिसेल. पण शाळासुद्धा आहे तिथेच दिसेल, बाई. आणि मला तर दोन्हींतली एक जागा घ्यायचीच आहे. तुम्ही सांगता का कुठली?"

या वेळी तिने कशावरही बोट ठेवलं नाही. घरी येताना कालव्यापर्यंत आली आणि आमच्याकडे न येताच परत गेली. हे आम्हाला नंतर कळलं. कालव्यावरच्या शेजारणीने तिला पुलावर उभी असलेली पाहिली होती. ती शेजारीण आईला म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच."

काम सुरू झालं. आधी गवत कापलं, मग मुरमाचे ट्रक. दिवसभर एकामागून एक ट्रक येऊन पाणथळात भराव ओतत. रोलर फिरायला लागला की घरातली भांडी मांडणीवर वाजायची. पाणकोंबड्या कुठे गेल्या कळलं नाही. बगळे काही दिवस भरावाच्या कडेला उभे राहायचे, मग तेही येईनासे झाले. टिटव्या मात्र तळ सोडेनात, चाकांपुढे ओरडत धावायच्या. त्यांची अंडी जमिनीवर असतात. बाबा एकदा ट्रकसमोर जाऊन उभे राहिले, तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "काका, अंड्यांसाठी मी नोकरी घालवू का?" बाबा बाजूला झाले.

आमच्या जमिनीच्या मानाने भराव पुरुषभर उंच झाला. त्याच्यावर खडी पसरली, लोखंडी सांगाडे उभे राहिले, राखाडी रंगाचे ट्रान्सफॉर्मर मोठ्या गाडीवरून आणून बसवले. गल्लीवरून तारा गेल्या. कुंपणाच्या आत कंपनीने हिरवळीचा एक पट्टा लावला आणि पाटी लावली की येथे पर्यावरणाची काळजी घेतली जाते. त्या हिरवळीची रोपं दुसऱ्या शहरातून आली होती.

त्या वर्षी पाऊस नेहमीसारखाच पडला. पाण्याला मात्र नेहमीची जागा नव्हती. भरावावरून उतरून ते रोपवाटिकेत शिरलं आणि तिथेच बसलं. भाजीची रोपं दोन दिवसांत कुजली. गुलाब जरा जास्त टिकले. लिंबाची पानं पिवळी पडत गेली, आणि बाबा मुळं उकरून बघत तेव्हा हाताला काळा चिखल आणि सडका वास. बाबांनी चर खणले, रोपांच्या पिशव्या फळ्यांवर चढवल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

पाणी निदान ओसरायचं. आवाज थांबायचाच नाही. मोठा नव्हता. पहिल्यांदा येणारा पाहुणा म्हणायचा, "कुठे आहे आवाज?" मग चहा संपेपर्यंत त्याच्या लक्षात यायचं आणि तो लवकर उठायचा. एकाच सुरात चाललेली जाडसर घूं घूं. उन्हाळ्यात त्यात ट्रान्सफॉर्मरच्या पंख्यांची घरघर मिसळायची. आई कानात कापूस घालून स्वयंपाक करू लागली, आणि मग हाक ऐकू येत नाही म्हणून घरात भांडणं होऊ लागली. रात्री कुंपणावरचे मोठे दिवे खिडकीतून सरळ अंथरुणावर पडत. आणि एवढं सगळं असून आमच्या गल्लीची वीज येत होती जुन्याच लाइनवरून, दुसऱ्या टोकाकडून. आमचे दिवे संध्याकाळी पूर्वीसारखेच पिवळे. दिव्याखाली अंधार ही म्हण आम्ही शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली होती.

शाळेच्या रस्त्यावर मात्र वीज लख्ख झाली. आत्याचं मशीन पळायला लागलं, इस्त्री हात लावता लावता तापायची. गिऱ्हाइकं म्हणत, "तुमच्यामुळे हो, कात्रीबाई." आता लोक तोंडावर म्हणायला लागले होते. मी एकदा दुकानात असताना तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि थंड इस्त्रीच कपड्यावरून फिरवत राहिली. मी पाहिलं हे तिच्या लक्षात आलं. "हात अवघडलाय," ती म्हणाली, ज्याचा इस्त्रीशी काही संबंध नव्हता.

बाबांनी तिच्याशी बोलणं एका दिवसात तोडलं नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर ते तिच्याकडे जाईनासे झाले. दुसऱ्यानंतर ती आली की ते मागच्या दाराने रोपवाटिकेत जायचे, जिथे आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई तिला चहा द्यायची. आत्या मागच्या दाराकडे बघत तो प्यायची.

तिने लढणं सोडलं नव्हतं. भरावाचं पाणी कालव्यात नेणारं गटार बांधा, एवढंच आता तिचं मागणं होतं. आणि आवाज अडवायला एक भिंत. कंपनी म्हणायची, गटार नगरपालिकेचं काम. नगरपालिका म्हणायची, भराव कंपनीचा. ती या कचेरीतून त्या कचेरीत जायची. पूर्वी तिच्या मागे बायकांची रांग असायची, आता तिला पाहून शिपाई पेपर वर धरायचा.

मग तिने जे केलं त्याला शाळेच्या रस्त्यावर सगळ्यांनी वेड म्हटलं. चालतं दुकान तिने बंद केलं. आमच्या गल्लीतलं एक कुटुंब आवाजाला कंटाळून घर सोडून गेलं होतं, त्यांची खोली तिने भाड्याने घेतली. मशीन हातगाडीवर घालून आली. खिडकी बरोबर कुंपणासमोर होती.

बाबा त्या दिवशी कित्येक महिन्यांत प्रथमच तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिला वाटलं असेल, आता हा बोलेल. बोलले ते.

"का आलीस?"

"तू जे ऐकतोस ते मीही ऐकावं म्हणून."

"तू ऐकल्याने माझा आवाज अर्धा होणार आहे का, ताई?"

हातगाडीवाला मशीन कुठे ठेवू म्हणून विचारत होता. बाबांनी त्याला दार धरून दिलं, मशीन आत जाऊ दिलं आणि निघून गेले.

ती आमच्यापासून दोन घरं सोडून राहायची, आणि त्यांच्यात मैलाचं अंतर असावं तसं चालायचं. ती सकाळी दारात उभी असली की बाबा दुसऱ्या बाजूने जायचे. तिला आता काम फार मिळत नव्हतं. फाटलेलं शिवणं, चेन बदलणं, एवढंच. उरलेला वेळ ती कचेऱ्यांमध्ये. मला आता वाटतं, तिने एकदा कंपनीसारखीच टाळाटाळ केली असती, "नकाशाची चूक" म्हणून मोकळी झाली असती, तर बाबांनी तिला शिव्या घालून माफ केलं असतं. तिने खरं सांगितलं. ते त्यांना कधी गिळता आलं नाही. शाळा नाही एवढंच पाहिलं, हे वाक्य ते मधेच आईला म्हणून दाखवायचे, जेवताना, काही विषय नसताना.

माझं लग्न होऊन मी दुसऱ्या शहरात आले. तिसऱ्या पावसाळ्यात उरलेली लिंबंही गेली, तेव्हा बाबांनी जागा ट्रक उभे करायला भाड्याने देऊन टाकली आणि आईला घेऊन माझ्याकडे आले. निघताना आत्या गल्लीच्या तोंडाशी आली होती. आईने तिला मिठी मारली. बाबा टेम्पोत पुढे बसले होते, ते ड्रायव्हरला म्हणाले, "चला."

ज्याच्या शेजारी राहायला ती आली होती तो गेला. मी तिला फोनवर म्हटलं, आता तिथे कशाला राहतेस, परत जा शाळेच्या रस्त्यावर. ती म्हणाली, "तिकडे मला शांततेत झोप येत नाही." गंमत करत असावी, पण हसली नाही.

बाबा माझ्याकडे राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी गटार झालं. शेवटी तिनेच करून घेतलं. नव्या आलेल्या कोणा अधिकाऱ्याला ती पावसात छत्री धरून भरावाच्या कडेला घेऊन गेली आणि त्याचे बूट पाण्यात बुडाल्यावर म्हणाली, "आता सही करा." तो तरुण होता, त्याने केली. पाणी आता कालव्यात जातं. त्या गटाराने वाचवण्यासारखं तिथे एक रोप नाही, नुसते ट्रक आहेत आणि तेलाचे डाग.

बाबा माझ्या गच्चीत थोड्या कुंड्या ठेवतात. आत्याचं नाव काढत नाहीत. मी तिला भेटून आले की आई सगळं विचारते आणि ते पेपर वाचत असतात, पान न उलटता. गेल्या खेपेला त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"गटार साफ ठेवतात का?"

कंपनी ठेवत नाही, नगरपालिका तर नाहीच. गल्लीतल्या लोकांनी मला सांगितलं होतं की म्हातारी पावसाआधी स्वतः फावडं घेऊन उतरते, गवत आणि प्लास्टिक काढते, आणि कोणी मदतीला आलं तर हाकलते.

"आत्या ठेवते," मी म्हटलं.

बाबांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील.

"माझी लिंबं असताना ठेवायला हवं होतं," ते म्हणाले, आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले.